केंद्राचं सूचनापत्रक: अकरा शाळांच्या कामाच्या नोंदी, जून ते एप्रिल

२ जून

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आमचं केंद्र आहे. अकरा जिल्हा परिषद शाळा. दोन आठवीपर्यंत, बाकीच्या चौथी-पाचवीपर्यंत, त्यातल्या काही वस्तीवरच्या दुशिक्षकी. निम्म्याहून अधिक घरं ऊसतोडीला जाणारी.

सूचना वरून खाली येतात त्यांची वाट ठरलेली आहे. गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून केंद्रप्रमुखांकडे, तिथून मुख्याध्यापकांच्या गटावर, तिथून शिक्षकांच्या फोनमध्ये. पुढे पालकापर्यंत काय पोचतं हे कोणी पाहत नाही. मुदत गेल्यावर शाळेच्या दारात आलेला बाप म्हणतो, ‘आमाला कुणी सांगितलंच न्हाई,’ आणि त्याचं म्हणणं खरं असतं.

म्हणून केंद्रप्रमुख सरांशी बोलून ठरवलं: दर महिन्याला सगळ्या अकरा शाळांसाठी मिळून एक सूचनापत्रक. ए-४ कागद, दोन्ही बाजू, त्याहून जास्त नाही. लिहायचं काम माझ्याकडे. या नोंदी ठेवतेय त्या दुसऱ्या कुठल्या केंद्राला हेच करायचं असेल तर उपयोगी पडाव्यात म्हणून. एखाद्या गोष्टीचं पुढे काय झालं ते त्याच तारखेखाली नंतर जोडलंय.

९ जून

शाळांकडून मजकूर मागवला. आला तो असा: ‘प्रवेशोत्सव मोठ्या उत्साहात संपन्न होणार असून सर्व पालकांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे.’ वेळ नाही, काय आणायचं ते नाही. अकरापैकी आठ शाळांचा मजकूर याच साच्यातला. शाळेचा अहवाल वरच्या कार्यालयासाठी लिहायची इतकी सवय झालीय, की पालकासाठी लिहितानाही भाषा तीच येते.

दुसरी अडचण टंकाची, म्हणजे फॉन्टची. जुन्या संगणकांवर अजून युनिकोडच्या आधीचे टंक आहेत. त्यात टाइप केलेली फाइल फोनवर उघडली की नुसती खुणांची रांग दिसते. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ आणि काही जोडाक्षरं मोडतात, आकडे इकडचे तिकडे होतात. तारखेतला एक आकडा बदलला तर सगळं पत्रकच वाया. त्यामुळे रूपांतर बंद केलं. उपाय साधा निघाला: शाळांनी फाइल पाठवायचीच नाही. मुख्याध्यापकांनी फोनवर बोलून टाइप केलेला मजकूर किंवा वहीच्या पानाचा फोटो पाठवायचा, मी तो पुन्हा लिहायचा. वेळ जास्त जातो, पण मजकूर एकाच हातून जातो आणि तपासला जातो. छपाईला मुक्ता हा मोफत युनिकोड टंक घेतलाय. छोट्या आकारातही त्याच्या वेलांट्या नि मात्रा एकमेकींत मिसळत नाहीत.

१३ जून

पहिला अंक. मजकूर तीनच गोष्टींचा ठेवला.

पहिलीचा प्रवेश: ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणारं मूल पहिलीत बसतं. जन्माचा दाखला हातात नसला तरी मुलाला घेऊन या. वयाचा पुरावा नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, हे २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १४मध्ये आहे. पाठ्यपुस्तकं: पहिली ते आठवी मोफत, कोणालाही पैसे द्यायचे नाहीत. शाळा भरण्याची आणि सुटण्याची वेळ, शाळेनुसार.

छपाईचा हिशेब: तालुक्याला साडेचारशे प्रती दोन्ही बाजूंनी झेरॉक्स काढल्या, सव्वा रुपया बाजू, म्हणजे अकराशे पंचवीस. महाग आहे. निवडणुकीची पत्रकं छापणाऱ्याकडे कॉपी प्रिंटर आहे. त्यात मास्टर (छपाईचा साचा) कापायचे पैसे एकदाच लागतात, मग प्रत पैशांत पडते. कागदाचं रीम आपण नेलं तर सगळं मिळून साडेसातशेत बसतं असं त्याने सांगितलं. पुढचा अंक तिथे. शाळेमागे सत्तर रुपयांच्या आत. हे पैसे संयुक्त शाळा अनुदानातून (शाळेच्या खर्चासाठी मिळणाऱ्या रकमेतून) घेण्यासाठी प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव हवा. तो होईपर्यंत पैसे शिक्षकांनी काढले.

२१ जून

वस्त्यांवर फिरून पाहिलं. पत्रकं घरी गेली आहेत. काही दप्तरात आहेत, काही चुलीजवळ. एका घरात ते नीट घडी घालून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलेलं होतं. सरकारी कागद म्हणून जपलेलं, वाचलेलं नाही.

वाचणारं माणूस बहुतेक घरात आहे, पण ते माणूस म्हणजे चौथी-पाचवीतलं पोर. हे आधी ध्यानात घ्यायला हवं होतं, कारण त्यामुळे लिहिण्याची रीतच बदलते. आईबाप ऐकणार, मूल वाचणार. मग वाक्य मुलाला एका श्वासात वाचता आलं पाहिजे. ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘विहित नमुन्यात’ हे शब्द पोर अडखळत वाचतं आणि ऐकणाऱ्याचा विश्वास तिथेच जातो.

दोन बदल केले. अक्षर चौदाचं सोळा केलं, त्यामुळे मजकूर आपोआप कमी झाला. आणि दुसरी ते पाचवीच्या वर्गांत पत्रक वाटण्याच्या दिवशी शेवटचा तास त्याच्या वाचनाचा. मूल वर्गात दोनदा मोठ्याने वाचतं, मग घरी नेऊन वाचतं. मराठीच्या वाचनाचा तास वेगळा काढावा लागत नाही, त्यामुळे कोणत्याही गुरुजींनी याला नाही म्हटलं नाही.

४ जुलै

नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेची सूचना. यावर सर्वांत जास्त वेळ गेला, म्हणून सविस्तर लिहिते.

आलेलं परिपत्रक दोन पानांचं. शाळांच्या गटावर ते जसंच्या तसं फिरलं. पाचवीच्या पालकांना विचारलं तर जवळपास सगळ्यांना नवोदय हे नाव माहीत होतं, पण ‘ते हुशार पोरांचं असतंय’ याच्यापुढे काही नाही. काहींना वाटत होतं फी असते. काहींना वाटत होतं आज जमलं नाही तर पुढच्या वर्षी बघू.

म्हणून मसुदा परिपत्रकाच्या क्रमाने न लिहिता या समजांच्या क्रमाने लिहिला.

‘तुमचं मूल यंदा पाचवीत आहे का? मग हे वाचा. नवोदय विद्यालयात सहावीपासून राहणं, जेवण, पुस्तकं, कपडे मोफत. आपल्या जिल्ह्याचं विद्यालय गेवराई तालुक्यात गढीला आहे. अर्ज भरायला पैसे लागत नाहीत. परीक्षेला एकदाच बसता येतं, पुढच्या वर्षी पुन्हा नाही. शंभरपैकी पंचाहत्तर जागा खेड्यातल्या मुलांच्या, मात्र मूल तिसरी, चौथी, पाचवी तिन्ही वर्षं खेड्यातल्या शाळेत शिकलेलं हवं. एक तृतीयांश जागा मुलींच्या. अर्जाला लागेल: मुलाचा फोटो, मुलाची आणि पालकाची सही, मुख्याध्यापकांच्या सहीचं प्रमाणपत्र. अर्ज शाळेतच भरून मिळेल, बुधवारी आणि शनिवारी. पालकाने स्वतः यायचं, आधार कार्ड आणायचं.’

परीक्षा कशी असते ते मागच्या बाजूला: दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. निम्मे प्रश्न बुद्धिमत्तेचे, वीस गणिताचे, वीस भाषेचे, आणि परीक्षा मराठीतून देता येते.

‘अर्ज शाळेतच भरून मिळेल’ हे वाक्य लिहिण्याआधी अकराही मुख्याध्यापकांची तयारी विचारून घ्यावी लागली, कारण तीन शाळांत नेटच चालत नाही. त्या शाळांची मुलं मोठ्या शाळेत आणायचं ठरलं. जे करायचं कबूल नाही ते पत्रकावर छापायचं नाही, हा नियम इथे झाला आणि पुढे वर्षभर पाळला.

मागच्या वर्षी केंद्रातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके अर्ज गेले होते. या वेळी पाचवीचा वर्ग असलेल्या प्रत्येक शाळेतून गेले. आईला घेऊन आलेल्या मुली जास्त होत्या, याचा मला फार आनंद झाला.

२२ जुलै

दोन दिवस झड. सकाळी पालकांच्या गटांवर जिल्हाधिकाऱ्यांच्या सुट्टीच्या आदेशाचा फोटो फिरला. दुसऱ्या जिल्ह्याचा आणि मागच्या वर्षीचा. जिल्ह्याचं नाव वरच्या बाजूला होतं, पण तो भाग कोणीतरी कापला होता. चार शाळांत मुलं आलीच नाहीत. पोषण आहाराची खिचडी शिजून तयार, खायला पंधरा मुलं.

खोट्या संदेशाचं खंडन करणारा संदेश पाठवून काही झालं नाही. तो आला तेव्हा घरचे शेतात गेले होते. मग नियम असा केला: सुट्टीची सूचना फक्त शाळेच्या शिक्षकाच्या आवाजात येईल. सुरुवातीला वार, तारीख, शाळेचं नाव. ‘आज मंगळवार, बावीस जुलै. मी अमुक वस्तीच्या शाळेतून बोलतोय.’ ओळखीचा आवाज आणि आजचा वार नसेल तर शाळा चालू आहे असं समजायचं. पुढच्या पत्रकात सर्वांत वर चौकटीत तेवढंच छापलं.

ऑगस्टच्या पावसात याची परीक्षा झाली. पुन्हा एक आदेश फिरला, पण पोरं शाळेत आली. ‘सरांचा आवाज आला नव्हता,’ एवढंच कारण त्यांनी सांगितलं.

८ ऑगस्ट

फोनच्या बाजूचं थोडं. सुरुवातीला व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट यादी केली होती, म्हणजे पालकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. कल्पना बरोबर, पण ब्रॉडकास्टचा संदेश फक्त ज्यांनी आपला नंबर साठवून ठेवलाय त्यांनाच जातो. पालकांनी शाळेचा नंबर साठवलेला नव्हता. पाठवणाऱ्याला वाटतं गेला, प्रत्यक्षात अर्ध्यांहून जास्त लोकांना काहीच दिसलेलं नसतं.

आता प्रत्येक वर्गाचा छोटा गट आहे आणि त्यात फक्त शिक्षकच लिहू शकतात. पालकांनी उत्तर द्यायचं असेल तर शिक्षकाला थेट. ज्या गटांत सगळ्यांना लिहिता येत होतं तिथे शुभ सकाळच्या चित्रांखाली सूचना बुडायच्या.

नंबर दर दोन महिन्यांनी तपासावे लागतात. रिचार्ज संपला की सिम बदलतं. वर्गात मुलांनाच विचारून वहीत दुरुस्ती करतो. घरी फोनच नाही अशी घरं वेगळ्या यादीत. त्या यादीपुढे शेजारच्या घराचं नाव.

३० ऑगस्ट

शिष्यवृत्तीसाठी ज्यांची कागदपत्रं राहिली त्यांची यादी एका शाळेने पालकांच्या गटावर टाकली. मुलाचं पूर्ण नाव, जात, आधार क्रमांक, बँक खातं. हेतू चांगला होता, मुदत जवळ आली होती. तासाभरात ती यादी गावाच्या दुसऱ्या गटावर होती. एक आई शाळेत आली आणि फक्त म्हणाली, ‘आमची जात सगळ्या गावाला वाचून दाखवायची व्हती का?’

यादी काढून टाकली, पण जिथे पुढे गेली तिथून निघत नाही.

याबाबत मी थोडीही सूट ठेवायला तयार नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक धरलंय आणि त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकाची संमती मागितली आहे. पण कायदा नसता तरी हे चुकीचंच. केंद्रासाठी लिहून घेतलेले नियम: प्रलंबित कागदपत्रांची माहिती ज्याची त्याला, चिठ्ठीवर, मुलाच्या हाती, घडी घालून. पत्रकावर मुलाचं नाव यायचं ते पहिलं नाव आणि शाळा, बस. फोटो समूहाचा, आणि वर्षाच्या सुरुवातीला पालकाची सही घेतलेली असेल तरच. कमी गुणांची, गैरहजेरीची किंवा कुठल्याही उणिवेची यादी कधीही नाही.

त्या चिठ्ठीचा नमुना करायला एक संध्याकाळ लागली. वर ‘तुमच्या मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी हा कागद राहिला आहे’ आणि खाली चार चौकोन: उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारशी जोडलेलं बँक खातं, फोटो. गुरुजींनी फक्त खूण करायची. यादीपेक्षा चिठ्ठीचा परिणाम लवकर दिसला, कारण तहसीलला किंवा सेतू केंद्रात जाताना माणूस तीच हातात घेऊन गेला.

२० सप्टेंबर

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठका. कायद्याप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. कागदावर आहेत. बैठकीला सहीपुरत्या येतात, किंवा सहीचं रजिस्टरच घरी जातं.

पत्रकात बैठकीची सूचना तारीख-वार-वेळेसह छापून फरक पडला नाही. सकाळी अकरा वाजता बाई खुरपायला गेलेली असते. दोन शाळांनी बैठक संध्याकाळी सातला, मंदिरासमोर घेऊन पाहिली. विषय छापले ते प्रश्न म्हणून: ‘स्वच्छतागृहाला पाणी का नाही? खिचडीत भाजी किती असायला हवी?’ दुसऱ्याचं उत्तरही तिथेच दिलं, कारण ते ठरलेलं आहे: प्राथमिकच्या मुलाला दिवसाला धान्य १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५०, ३० आणि ७५. बायका आल्या आणि भाजीवरून बोलल्या. स्वयंपाक करणाऱ्या मावशींनीही सांगितलं, की भाजीचे पैसे उशिरा येतात तेव्हा त्या स्वतःच्या खिशातून आणतात. ते इतिवृत्तात लिहिलं गेलं. याआधी कधी लिहिलं गेलं नव्हतं.

६ ऑक्टोबर

वर्षातला सर्वांत महत्त्वाचा अंक. दसरा झाला, ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमांच्या उचली, म्हणजे आगाऊ रकमा, वाटून झाल्या, दिवाळीच्या आगेमागे बहुतेक गाड्या निघतील. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर, काही टोळ्या थेट बेळगावकडे. या अंकाची छपाई इतर मजकूर बाजूला ठेवून केली.

एका बाजूला: मूल गावातच ठेवा. हंगामी वसतिगृहात सकाळ-संध्याकाळ जेवण, आजी-आजोबांकडे राहणं, शाळा चालू. त्यासाठी कोणाकडे नाव द्यायचं, कधीपर्यंत.

दुसऱ्या बाजूला: नेणारच असाल तर शिक्षण हमी पत्रक घेतल्याशिवाय जाऊ नका. मूल कोणत्या वर्गात आहे, काय शिकलंय ते त्यावर लिहिलेलं असतं. ते दाखवून साखर कारखान्याजवळच्या शाळेत लगेच बसवता येतं, आणि परत आल्यावर इथलं नाव तसंच असतं. हमी पत्रक महाराष्ट्राचं आहे, पण शिक्षणहक्क कायदा देशभराचा. कर्नाटकातली शाळासुद्धा ‘दाखला नाही’ म्हणून मुलाला परत पाठवू शकत नाही. कलम ५मध्ये तसं स्पष्ट आहे. सीमाभागात मराठी शाळा आहेत, त्या विचारा.

या बाजूच्या मसुद्यावर आमच्यातच वाद झाला. दोन गुरुजींचं म्हणणं होतं, की हे छापलं तर लोक मुलं नेण्याचा परवानाच मिळाला असं समजतील; फक्त वसतिगृहाचंच छापा. मला ते पटलं नाही. सहा वर्षांची पोर आईशिवाय राहणार नाही, हे आईला माहीत असतं. ती नेणार आहे. प्रश्न एवढाच, की उसाच्या फडावर गेल्यावर पोर कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, धाकट्याला सांभाळत बसेल की शाळेत जाईल. केंद्रप्रमुख सरांनी दोन्ही बाजू छापायला सांगितल्या.

वाटपाची रीतही बदलली. मुलांच्या हाती नाही, टोळी भरते तिथे आम्ही स्वतः गेलो. आणि मुकादमांना वेगळी प्रत दिली, त्यांच्या टोळीतल्या मुलांची पहिली नावं आणि इयत्ता हाताने लिहून. एक मुकादम म्हणाले, ‘मॅडम, कोयते मोजायचे कागद लई आले, पोरं मोजायचा ह्यो पहिलाच.’ (कोयता म्हणजे तोडणीचं जोडपं.) त्यांनी कागद खिशात ठेवला.

हमी पत्रकं आधीच भरून ठेवायला हवीत. गाडी उभी राहिल्यावर भरायला बसलो तर घाईत इयत्ता, आईचं नाव चुकतं, शिक्का शाळेत राहतो. पहिल्या टोळीला हेच झालं आणि काही मुलं पत्रकाविना गेली. त्यांच्या हमी पत्रकांचे फोटो काढून नंतर फोनवर पाठवले. किती शाळांनी ते मानले हे कळायला मार्ग नव्हता. पुढच्या टोळ्यांसाठी गाडी यायच्या आधीच शिक्क्यासह तयार ठेवली.

२४ नोव्हेंबर

फडावर छापील पत्रक पोचत नाही. इथून पुढे आवाज. दर रविवारी रात्री आठनंतर दीड मिनिटाचा निरोप, कारण दिवसभर तोडणी-भरणी आणि गाडी कधी येईल सांगता येत नाही. तीन मिनिटांचा केला होता तो शेवटपर्यंत कोणी ऐकलेला नव्हता. हे कळलं ते शेवटी विचारलेल्या साध्या प्रश्नाला उत्तरं आली नाहीत म्हणून.

निरोपात पालकांसाठी एकच गोष्ट आणि मुलांसाठी एक. उदाहरण: ‘आठवीच्या पालकांनो, एनएमएमएसची, म्हणजे शिष्यवृत्तीची, परीक्षा डिसेंबरमध्ये आहे. पास झालं तर नववी ते बारावी वर्षाला बारा हजार रुपये. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. मूल गावी आणून सोडता येत असेल तर आठ दिवस आधी आणा, राहायची सोय वसतिगृहात करू.’ मुलांसाठी एक गणित किंवा एक कोडं.

दोन मुलांना त्यांच्या वडिलांनी परीक्षेसाठी एसटीने आणून सोडलं. दोन ही संख्या लहान आहे. पण ती दोन मुलं निरोपाशिवाय आली नसती.

१४ डिसेंबर

छापणाऱ्याची यंत्र-दुरुस्ती, अंक आठवडा उशिरा. त्यात काहीच तातडीचं नव्हतं म्हणून नुकसान नाही. तारीख असलेला मजकूर अंक निघाल्यावर किमान बारा दिवसांनंतरचाच घ्यायचा, हा आमचा नियम इथे बरा पडला.

१९ जानेवारी

आतापर्यंत पत्रकात सूचनाच होत्या. एका आजोबांनी विचारलं, ‘नुसती कामंच सांगता, शाळेत चांगलं काही होत न्हाई का?’ बरोबर आहे. मागच्या बाजूचा खालचा भाग बातम्यांना दिला, पण मुलांनी लिहिलेल्या. शाळा आळीपाळीने. ‘आमच्या शाळेच्या बोअरला पाणी लागलं. आता आम्ही डबे घेऊन विहिरीवर जात नाही.’ ‘परसबागेतली मेथी खिचडीत टाकली.’ शुद्धलेखन तपासते, वाक्यं बदलत नाही.

‘मान्यवरांच्या शुभहस्ते’ अशा बातम्या पाठवू नका असं दोन शाळांना सांगावं लागलं. थोडी नाराजी झाली. त्यांच्या कार्यक्रमाची बातमी चौथीतल्या मुलीकडून लिहून घेतली: कोण आलं, काय बोललं, खाऊ काय होता. पाहुण्यांनी ती कापून ठेवली असं नंतर समजलं.

या भागामुळे पत्रक घरात थांबू लागलं. नाव छापून आलेल्या मुलाच्या घरी ते भिंतीला चिकटवतात, आणि त्याच कागदाच्या वरच्या बाजूला सूचना असतात.

२३ फेब्रुवारी

पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेची सूचना. या विषयावर गावात खूप भीती आहे. ‘आता नापास करून शाळेतून काढतात’ असं बोललं जातंय, आणि फडावरून परत न आलेल्या मुलांच्या आया फोनवर रडतात.

डिसेंबर २०२३च्या शासन निर्णयात आहे तेवढंच, तुकडे करून लिहिलं. पाचवी आणि आठवीला वर्षाच्या शेवटी परीक्षा होते. त्यात नापास झालं तर जास्तीचं शिकवून निकालापासून दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा घेतात. त्यातही जमलं नाही तर मूल त्याच वर्गात राहतं. आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. ही शेवटची ओळ ठळक, सर्वांत वर.

निरोप म्हणून हेच बोलून पाठवलं, आणि त्यापुढे: ‘परीक्षेच्या आधी येता आलं नाही तरी आल्यावर शाळेत या, पुन्हा परीक्षेची सोय आहे.’ इतके फोन इतर कुठल्याच निरोपावर आले नव्हते. बहुतेकांना तारीख हवी होती. तारीख हाती नसताना ‘लवकरच कळवू’ लिहायचं नाही असं ठरलं असल्यामुळे ‘कळली की त्याच रविवारी सांगू’ असं सांगितलं आणि ते पाळलं.

२७ मार्च

काही टोळ्या परतल्या. कोणाला काय पोचलं हे तपासायची हीच वेळ. प्रश्नावली केली नाही. परतलेल्या प्रत्येक घरी एकच विचारलं: ‘पोर तिथं शाळेत बसलं का? नसेल तर कशामुळं?’

हमी पत्रक नेलेल्यांपैकी बरीच मुलं बसली. जी बसली नाहीत त्यांची कारणं कागदाची नव्हती: शाळा फडापासून लांब, रस्त्यात ट्रॅक्टरांची वर्दळ, धाकट्या भावंडाला कोण पाहणार, पंधरवड्याला फड बदलतो. हे कोणत्याही पत्रकाने सुटणार नाही. पण हे सगळं शाळांची नावं न घालता एका पानावर लिहून केंद्रप्रमुखांमार्फत वर पाठवलंय. धाकट्या भावंडाचं कारण सर्वांत जास्त वेळा आलं, म्हणून ते पहिल्या ओळीत आहे. अंगणवाडी जोडल्याशिवाय मोठी बहीण शाळेत येणार नाही.

११ एप्रिल

वर्षाचा हिशेब. दहा अंकांची छपाई, पहिला महाग अंक धरून, आठ हजारांच्या आत. ऑक्टोबरच्या जास्तीच्या प्रती आणि टोळ्यांपर्यंतचं पेट्रोल वेगळं, ते वर्गणीतून झालं. नऊ शाळांच्या समित्यांनी संयुक्त अनुदानातून वाटा द्यायचा ठराव केला, दोन शाळांचं अनुदान मुलांचा पट कमी असल्यामुळे इतकं थोडं आहे की त्यांचा वाटा बाकीच्या नऊ शाळांनी उचलावा असं ठरलं. वेळेचं सांगायचं तर अंकामागे दोन रविवार जातात, त्यातला दीड रविवार शाळांकडून मजकूर मिळवण्यात.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरचा अंक सप्टेंबरमध्येच छापायचा आणि हमी पत्रकं पोळ्यापासून भरायला घ्यायची. चिठ्ठीचा नमुना, सुट्टीच्या निरोपाचा साचा आणि नवोदयची सूचना शेजारच्या केंद्राला दिली आहे. त्यांच्याकडे बंजारा तांड्यावरची मुलं जास्त आहेत, म्हणून ते रविवारचा निरोप गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीतही करून पाहणार आहेत. त्यासाठी तांड्यावरच्याच एका अंगणवाडी ताईंनी आवाज द्यायचं कबूल केलंय. जूनचा अंक छापखान्यात जायच्या आधी त्यांचा पहिला निरोप ऐकून घेऊन आमच्या दोन तांडा-शाळांसाठी तोच वापरायचा आहे.